को बो नीचा डावा गुडघा

बो नी माझ्याकडे सायकल मागायला आला तेव्हा त्याच्या दोन्ही काखांत कुबड्या होत्या आणि डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आवळलेला होता. मला वाटलं, ऑपरेशनच्या वेळची गुंगी अजून उतरली नसावी.

"सायकल कशाला हवी तुला?"

"ती व्हरांड्यातली, सयामा. जी कुठे जात नाही ती."

कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे सगळी गल्ली मला सयामा म्हणते, म्हणजे बाई; आणि त्याला को बो नी, को म्हणजे दादा. माझा उजवा गुडघा बदलला त्या वर्षी मुलीने बँकॉकहून ही जागच्या जागी चालवायची सायकल पाठवली होती. गुडघा बरा झाला आणि सायकलीवर टॉवेल वाळत पडायला लागले.

"टॉवेल काढते. पण तू तिच्यावर चढणार कसा?"

"आत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, काही आठवड्यांनी लागेल, आधीच बघून ठेव. मंडालेत सायकली पुष्कळ आहेत, पण सगळ्या पुढे जातात."

तो बोलतो हे असं. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आणि हसावं की नाही हे समोरच्याने ठरवायचं.

आमच्या गल्लीत वर्ख कुटतात. उजाडलं की घणांचा आवाज सुरू होतो, तो आमच्या भिंतीतच मुरलेला आहे. दगडावर कातड्यात बांधलेली कागदांची चवड, तिच्या पानापानात सोन्याचे तुकडे, आणि पाय फाकून, कमरेतून वाकून घण घालणारा माणूस. बो नी मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच करत आला. आता चाळिशी ओलांडली आहे. देवळातल्या महामुनी बुद्धाच्या मूर्तीवर लोक जो वर्ख चिकटवतात, त्यातला कितीतरी त्याने कुटलेला. पण गल्लीत कुणाला विचारलं की बो नी कोण, तर वर्खाचं नाव कुणी काढणार नाही. बो नी म्हणजे छिनलोन, वेताच्या चेंडूचा खेळ.

मला स्वतःला या खेळात कधी रस नव्हता. सहा माणसं लुंग्या वर खोचून गोल धरतात आणि चालत राहतात. एक मध्ये जातो. चेंडू पायाने, गुडघ्याने, टाचेने उडता ठेवायचा, हात लावायचा नाही, खाली पडू द्यायचा नाही. मधला नाचल्यासारखा खेळतो आणि बाकीचे पाच त्याला चेंडू परत देत राहतात. समोर दुसरा संघ नाही. मी एकदा त्याला म्हटलंही होतं, "थायलंडात मधे जाळं तरी बांधतात. कोण हरलं ते कळतं. तुमच्यात चेंडू पडला तर हरतं कोण?"

"कुणी नाही. चेंडू पडतो, सयामा, एवढंच."

"मग उचलून पुन्हा सुरू?"

"मग उचलून पुन्हा सुरू."

त्याची खासियत होती मागच्या मागे मारायची. चेंडू पाठीमागे येतोय, दिसत नाही, हा एका पायावर उडी घेतो, दुसरा पाय पाठीमागून वर जातो आणि तळव्याचा बरोबर मध्य चेंडूला लागतो. टक्. मला रस नसला तरी डोळे आहेत. ते बघताना तेवढ्यापुरतं मीसुद्धा बोलायची थांबत असे.

वसो महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, महामुनीच्या देवळात छिनलोनची मोठी जत्रा भरते, गावोगावचे गोल येतात, वाद्यं वाजतात. तिथेच एका वर्षी हा उडीवरून खाली आला तो पाय रोवून आणि अंग वळवून. गुडघ्यात काहीतरी निसटलं. वाद्यं चालू होती म्हणून त्याने पाळी पुरी केली. बाहेर आला तो त्याची बायको मा म्याट हिच्या खांद्यावर हात ठेवून.

त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष तेलात गेलं. त्याच्या गुरूचं, ऊ छिट स्वे यांचं तेल. सगळे खेळाडू त्यांना अबा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, नदीकडे मुलीच्या घरी राहतात. त्यांनी कितीतरी घोटे, कितीतरी गुडघे चोळून उभे केले, यात खोटं नाही. पण हे तेलाचं काम नव्हतं. चालता चालता गुडघा अडकायचा, दार अडकावं तसा, आणि बो नी रस्त्यात बगळ्यासारखा उभा राहायचा. मी म्हटलं, एमआरआयचा फोटो काढ. मा म्याट म्हणाली, फोटो काढा. शेवटी काढला. आतली गादी, कूर्चा म्हणतात ती, एका जागी हाडापर्यंत उखडली होती.

अबांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. "गुडघा उघडला की त्यातलं वारं निघून जातं. मग ते कुणाला भरता येत नाही." आणि बो नीने, उभ्या जन्मात पहिल्यांदा, अबांना न विचारता एक गोष्ट केली. आमच्याकडे प्रवासाला निघतानासुद्धा गुरूपुढे डोकं टेकून परवानगी घेतात. हा दवाखान्यात भरती झाला आणि अबांना ते दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, "बरं, उघडला का?" आणि त्यानंतर बो नीचं नाव काढलं नाही.

हे त्याला गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं. मला ते कळत होतं आणि त्याचा रागही येत होता.

ऑपरेशनबद्दल त्यानेच मला समजावलं, माझ्याच व्हरांड्यात बसून. "हाडाला बारीक बारीक भोकं पाडली, सयामा. त्यातून रक्त येतं. रक्ताची साय धरते. साय जमत जमत तिची गादी होते. खरी गादी नाही, पण कामचलाऊ."

"आणि साय मोडली तर?"

"म्हणून तर पाय टेकायचा नाही."

आधी नुसतं पडून राहायचं. गुडघ्याखाली टॉवेल गुंडाळून ठेवायचा आणि तो टॉवेल चिरडायचा असल्यासारखा गुडघा खाली दाबायचा. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. मग टाच पलंगावरून घसरत ओढायची. व्यायाम शिकवायला दवाखान्यातली मा यमिन म्हणून एक मुलगी होती, वयाने त्याच्या पुतणीएवढी, आणि तिला दया माहीत नव्हती. ती मला आवडली.

"काका, मांडी कुठे गेली तुमची?" ती म्हणायची.

"होती इथेच."

"एका महिन्यात निम्मी गळली. मी म्हणते तेवढंच करायचं, कमी नाही, जास्ती नाही. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघ्यावर टेकायचं नाही. खुर्ची नाहीतर पलंग."

"आणि संडास?"

"उंच करून घ्या."

सांगायला सोपं. आमच्या घरांतून खुर्ची ही पाहुण्याला दाखवायची वस्तू. जेवायचं जमिनीवर, गोल मेजाभोवती, ते मेज वीतभर उंच. चहाच्या दुकानातली स्टुलं तर घोट्याएवढी. त्याचा गोल रोज संध्याकाळी अशाच एका दुकानात बसायचा. पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा गोलाचा म्होरक्या को फो ख्वा याने चार स्टुलं एकावर एक रचली आणि वर बो नीला बसवलं.

"राजवाड्यातला माणूस आलाय," फो ख्वा म्हणाला. "खाली बघून बोला म्हणावं गरिबांशी."

"इथून तुझं टक्कल चांगलं दिसतं," बो नी म्हणाला.

हसले सगळे. पण तो वर आणि चहा खाली, प्रत्येक वेळी कप कुणीतरी हातात द्यावा लागायचा. हळूहळू त्याने तिथे जाणं सोडलं.

घण घालायचा प्रश्नच नव्हता. त्याला बायकांच्या खोलीत बसवलं, कुटलेला वर्ख कापून कागदावर लावायला. त्या खोलीला खिडक्या उघडता येत नाहीत, पंखा नाही, कारण वाऱ्याच्या झुळकीनेसुद्धा सोनं उडून जातं. बायका जमिनीवर, हा एकटा स्टुलावर, पाय पुढे काठीसारखा. मा म्याट त्याच खोलीत वर्षानुवर्षं काम करत आलेली.

"श्वास जपून सोड," ती म्हणायची. "तू घण घालायचास तसं इथे फुसफुसायचं नाही."

"नाही सोडत."

"शिंक आली तर आधी सांग."

बाकीच्या बायका खाली मान घालून हसायच्या. पण तीच मा म्याट संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "सयामा, तो घरात बोलत नाही आता. रात्री जेवण झालं की कोपऱ्यातला चेंडू घेतो, हातात फिरवतो, ठेवून देतो. हाताने धरतो हो. त्या चेंडूला त्याने कधी हात नाही लावला इतका."

पुढच्या वसोला गोलात उभं राहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. डॉक्टर म्हणाले होते, सगळं नीट झालं तर तोपर्यंत होईल. हे 'नीट झालं तर' तो ऐकायचा आणि मनातल्या मनात गाळून टाकायचा.

आणि नीट होत होतं, हेच तर दुःख. कुबड्या दोनाच्या एक झाल्या. पट्टा सुटला. एके दिवशी माझ्या सायकलीवर चढला, बैठक पार उंच करून, कसलाही जोर न लावता नुसता पाय फिरवायला. सकाळी मी चहा घेत असे आणि तो कुठेही न जाता चालवत असे.

"कुठे पोचलास?" मी विचारायची.

"मेमयोचा घाट लागलाय."

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे. स्वेटर आणायला हवा होता."

मग भिक्खूंचा वर्षावास संपल्याची पौर्णिमा आली, दिव्यांची. या दिवसांत आमच्याकडे लहानांनी थोरांपुढे, शिष्यांनी गुरूपुढे जाऊन डोकं टेकायचं. फळं, टॉवेल, औषधाच्या बाटल्या असं काही पुढ्यात ठेवायचं, गुडघे मुडपून टाचांवर बसायचं, कपाळ जमिनीला लावायचं, तीनदा. वर्षभरात शब्दाने, कृतीने, मनाने काही चुकलं असेल तर त्याची क्षमा मागायची. अबांकडे त्यांचा सगळा गोल दरवर्षी जातो. मा म्याट आदल्या दिवशी धावत माझ्याकडे आली.

"तुम्ही चला आमच्याबरोबर. तुमचा गुडघा लोखंडाचा, तुम्हाला खाली बसता येत नाही, तुम्ही खुर्चीवर बसणारच. मग तुमच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली तर त्याला वाटणार नाही काही."

डोकं होतं त्या बाईला. मी गेले. जाताना सायकल-रिक्षात बो नीला मी स्पष्ट सांगितलं, "तू खाली बसलास तर माझ्याशी गाठ आहे."

"बसत नाही."

"मा यमिनला शब्द दिलायस."

"दिलाय, सयामा. खुर्चीवरूनच हात जोडीन. मा म्याटने अबांच्या मुलीला तसं सांगून ठेवलंय."

अबा ओट्यावर चटईवर बसले होते, पाठीला लोड. अंगात धुतलेला पांढरा सदरा. आम्ही आत गेलो तसं ते म्हणाले, "कोण कोण आलंय?" बो नी सोडून एकेकाने नाव सांगितलं. माझं सांगितलं तेव्हा म्हणाले, "सयामा, बसा, बसा, खुर्ची आहे." मी बसले. शेजारची रिकामी होती. पुढे सगळे ओळीने गुडघे मुडपून बसले, फो ख्वा पुढे, बाकीचे मागे. बो नी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा.

"बो नी नाही आला?" अबा म्हणाले.

"आलोय, अबा."

"हं," अबा म्हणाले.

त्या 'हं'ला वजन होतं, हे मलाही मान्य करावं लागेल. फो ख्वाने मागे वळून बघितलं. आणखी एकाने बघितलं. खुर्चीवर बसायचं म्हणजे अबांच्या डोक्यापेक्षा वर बसायचं. क्षमा मागायची ती वरून खाली बघून. आणि क्षमा मागण्यासारखं सगळ्या ओळीत खरं तर याच्याकडेच होतं. मी हळूच म्हटलं, "बस." त्याने कुबडी खुर्चीला टेकवली आणि एक हात जमिनीला लावून खाली गेला.

मी त्याच्या सदऱ्याला हात घातला होता. चिमटीत कापड आलं आणि सुटलं.

पहिल्यांदा डोकं टेकलं तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्यांदा वर येताना त्याच्या मानेवर घाम दिसला. तिसऱ्यांदा टेकलं आणि तो तसाच राहिला. बाकीचे सरळ झाले, याचं कपाळ जमिनीवरच. लोकांना वाटलं, मनापासून मागतोय. मी शेजारीच होते, त्याच्या पाठीचे स्नायू थरथरत होते. अबा आशीर्वाद म्हणत राहिले, आयुष्य लाभो, आरोग्य लाभो, संकटं दूर राहोत, सगळं सावकाश, एकही शब्द न गाळता. तो संपेपर्यंत बो नी टाचांवर बसून राहिला. मग फो ख्वा आणि दुसऱ्या एकाने त्याला बगलेत धरून उचललं.

निघताना मी हात धुवायला मागे गेले. अबांची मुलगी चूल आवरत होती. मी तिला म्हटलं, "अबांच्या डोळ्यांवर पांढरं दिसतं."

"गेल्या हिवाळ्यापासून गेलेत, सयामा. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. कुणाला सांगायचं नाही म्हणतात. शिष्यांना कळलं तर समोर खेळून दाखवायचे नाहीत, अशी भीती."

मी परत बाहेर येईपर्यंत माझं डोकं फुटायची पाळी आली होती. रिक्षात बसल्या बसल्या बो नीला सांगून टाकलं. असल्या गोष्टी मला पोटात ठेवता येत नाहीत.

"त्यांना दिसत नाही. तू खुर्चीवर बसलास की जमिनीत गेलास, त्यांना काही कळलं नसतं."

तो पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दिवे लावत होते.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला उठवायला दोघं लागले, ते त्यांना दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी गुडघा पपनसाएवढा झाला. पाणी काढलं, ते लालसर निघालं. पुन्हा फोटो झाला. डॉक्टर म्हणाले, नवी धरलेली साय एका कडेने सोलून निघाली आहे. पुन्हा भोकं पाडता येतील, पण आता तिथे पहिल्यासारखं काही धरेल याचा भरवसा नाही. मांडीत ताकद आणा, चालणं-फिरणं होईल, जिना होईल. उडीबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही आणि बो नीने विचारलं नाही.

मा यमिन माझ्याच व्हरांड्यात त्याच्यावर बरसली. "काका, मी काय काय नको म्हटलं होतं?"

"उकिडवं नको, मांडी नको, टेकायचं नको."

"पाठ आहे की तुम्हाला."

"पाठ आहे."

"मग?"

"गुरू होते, बाळ."

तिचेही आईवडील आहेत, शिक्षक आहेत, तीही त्या आठवड्यात कुठे कुठे डोकं टेकून आलेली असणार. तिने सायकलची बैठक आणखी वर केली आणि म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. टॉवेल गुंडाळा."

सगळी थंडी आणि सगळा उन्हाळा त्याने सायकल मारली. पहिल्यासारखी थट्टा करत नसे. घाट, स्वेटर, काही नाही. दात आवळून, समोरच्या चिंचेकडे बघत पाय फिरवायचा. मांडी पुन्हा भरली, ते खरं. एका पायावर उभं राहायला लागला, मग एका पायावर अर्धं वाकायला. घण परत हातात आला, अर्धा दिवस. नवख्या माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, बरा झाला की हा. पण मी रोज जवळून बघत होते. जिना उतरताना तो आधी उजवा पाय खाली ठेवायचा आणि डावा मागून आणायचा, लहान मूल उतरतं तसा, आणि कुणी येताना दिसलं की कठड्याला टेकून उभा राहायचा, जणू सहज थांबलाय.

वसोच्या जत्रेच्या थोडं आधी आमच्या गल्लीच्या टोकाला, मठाच्या आवारात त्यांचा सराव सुरू झाला. एके संध्याकाळी मा म्याट मला बोलवायला आली. "आज गोलात जातोय," ती म्हणाली. तिने गालांना थनाखाच्या सालीचा लेप लावला होता, केसात फूल होतं. तिला आशा होती. मी चप्पल घातली.

अबांनाही आणलं होतं. ते खुर्चीवर बसले होते, मैदानाकडे तोंड करून, बघत असल्यासारखे. मी त्यांच्या बाजूच्या बाकावर बसले.

बो नीने लुंगी वर खोचली. गुडघ्यावर काळा पट्टा. गोल चालायला लागला. चेंडू फिरला, टक्, टक्, आणि तो त्यात मिसळला. मी मान्य करते, मीही बाकावर पुढे सरकून बसले. बाजूने खेळताना त्याचं काही अडलं नाही. मग फो ख्वाने मानेने खूण केली आणि बो नी मध्ये गेला.

त्याने दोन-तीन साध्या गोष्टी केल्या, घोट्याने, पावलाच्या आतल्या बाजूने. चेंडू बाहेर दिला, परत आला. पुन्हा दिला, पुन्हा परत आला. आणि मला, जिला या खेळातलं काही कळत नाही, मलाही दिसायला लागलं. चेंडू प्रत्येक वेळी त्याच्या पुढ्यात येत होता, उजव्या पायावर, अलगद, ताटात वाढावा तसा. पाठीमागे एकदाही नाही. ते पाचही जण घामाघूम झाले होते, कारण त्याने वाकडा दिलेला चेंडू धावत जाऊन सांभाळायचा आणि त्याला सरळ करून परत द्यायचा, हे दुप्पट काम होतं. या खेळात हेच शिकवतात. मधल्याला सावरायचं, त्याला चांगलं दिसू द्यायचं. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते आपोआप करत होते.

बो नीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बहुतेक त्यालाही तोवर कळलं नसावं. किंवा कळून तो न कळल्यासारखं करत असावा. आणखी थोडा वेळ तसंच चाललं असतं तर मला वाटतं त्याने स्वतःची समजूत घातली असती आणि जत्रेपर्यंत निभावलं असतं.

"मध्ये कोण आहे?" अबांनी मोठ्याने विचारलं.

"बो नी, अबा," फो ख्वा चालता चालता म्हणाला.

अबा कान देऊन राहिले. टक्. टक्. "मग चेंडू एवढा हळू का वाजतोय? पोराला भरवल्यासारखा काय देताय त्याला? बो नी आहे तो. मागे द्या."

गोल चालतच होता. फो ख्वाच्या पायात चेंडू आला. त्याने बो नीकडे बघितलं. बो नीने मान हलवली, दे म्हणून. फो ख्वाने दिला, उंच, पाठीमागे.

मागे मारायचं तर बो नीने डाव्या पायावर उडी घ्यायची, उजवा मागून वर न्यायचा आणि खाली येताना सगळा भार पुन्हा डाव्यावर. मला हे नंतर त्याने सांगितलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की तो वर गेलाच नाही. गुडघे किंचित वाकले, अंगाने तयारी केली, आणि काहीतरी आतून नको म्हणालं. चेंडू त्याच्या पाठीमागे मातीत पडला. वेताचा चेंडू मातीत पडल्यावर अगदी बारीक आवाज होतो.

कुणी हसलं नाही. त्यांच्यात हसत नाहीत. फो ख्वा चेंडू उचलायला वाकला, मग उचलून पुन्हा सुरू. पण बो नी गोलातून बाहेर आला, लुंगी सोडून खाली केली आणि अबांच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला.

"पडला," अबा म्हणाले.

"पडला, अबा."

"गुडघा?"

"थोडा कच्चा आहे अजून."

अबांनी हात पुढे केला. बो नीने तो घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. म्हाताऱ्याने पट्ट्यावरून बोटं फिरवली, दाबून बघितलं, मग मान हलवली. "मी सांगितलं होतं. उघडू नकोस म्हणून. वारं निघून गेलंय."

मी तोंड उघडलं. वारं कुठून गेलं, केव्हा गेलं, कुणापुढे कपाळ टेकताना गेलं, सगळं माझ्या जिभेवर होतं. बो नीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"हो, अबा," तो म्हणाला. "सांगितलं होतं तुम्ही."

मा म्याट बाकावर माझ्याशेजारी होती. तिने केसातलं फूल काढलं, आणि आता त्याचं काय करायचं ते न कळून हातातच धरून ठेवलं.

जत्रेत त्या वर्षी त्यांच्याबरोबर सहावा म्हणून फो ख्वाचा जावई उतरला. बरा खेळतो म्हणतात. बो नी जत्रेला गेला नाही. वाद्यांचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत येत होता आणि तो बायकांच्या खोलीत बसून वर्ख लावत होता, तिथे दारं-खिडक्या बंद असतात, म्हणून. अबा पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या घरी सगळे जमिनीवर बसले होते. बो नी दाराशी उभा होता, शेवटपर्यंत.

तो अजून रोज सकाळी येतो आणि सायकल मारतो. मा यमिन म्हणते, सोडू नका, सोडलं तर चालणंही जाईल. म्हणजे आता हे चालण्यासाठी आहे. मी चहा घेते, तो चिंचेकडे बघत पाय फिरवतो. कुठे पोचलास असं मी विचारत नाही.

परवा वैतागून म्हटलं, "ही सायकल तू घरीच का घेऊन जात नाहीस? मला टॉवेल वाळत घालायला दुसऱ्या जागा आहेत."

त्याने पाय थांबवले. घाम पुसला.

"घरी कुठे ठेवू, सयामा," तो म्हणाला. "तिथे सगळे जमिनीवर बसतात."